एडीएचडीची गोळी माशापर्यंत कशी पोचली

एडीएचडी म्हणजे मुलाचं लक्ष न टिकणं आणि अति चळवळ, त्यावरच्या गोळीची सुरुवात झाली डोकेदुखीपासून. १९३७ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडला डॉ. चार्ल्स ब्रॅडली मुलांच्या मणक्यातलं पाणी काढून, तिथून हवा भरून मेंदूचे एक्सरे घ्यायचे, त्यानंतर मुलांचं डोकं भयानक ठणकायचं, म्हणून त्यांनी बेन्झेड्रीन नावाचं औषध देऊन बघितलं. डोकेदुखी फारशी हटली नाही पण निम्मी मुलं एकदम अभ्यासालाच लागली, गोळीचं नाव पडलं गणिताची गोळी! तरतरी आणणाऱ्या औषधाने चळवळी पोरं शांत कशी होतात, हे मात्र कुणाला सांगता येईना.

एडीएचडीवरचं रिटालिन, म्हणजे मेथिलफेनिडेट, आलं १९४४ मध्ये, सिबा कंपनीत पानिझोन यांनी बनवलं, आणि नाव दिलं बायकोचं, रिटाचं. डोपामीन म्हणजे मेंदूच्या पेशींमधला निरोप नेणारं रसायन, सोडलेलं डोपामीन पेशीत परत ओढणारा पंप हे औषध अडवतं, हे कळलं फार उशिरा.

मासा आला तो भलत्याच दाराने. ओरेगनच्या जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी १९८१ ला झेब्राफिश या छोट्या पट्टेवाल्या माशाचे क्लोन केले ते जेनेटिक्ससाठी. अंडी ढिगाने मिळतात, पिल्लू पारदर्शक, जिवंतपणीच मेंदू दिसतो, आणि २०१३ च्या जीनोमवरून, म्हणजे त्याच्या सगळ्या जीन्सच्या नकाशावरून, कळलं की माणसाच्या साधारण ७०% जीन्सना माशात जोडीदार आहे.

दोन्ही धागे जुळले २०१२ मध्ये. माणसात एडीएचडीशी जोडलेलं एक जीन लॅट्रोफिलिन-३, त्याचंच माशातलं रूप दाबलं तर पिल्लं सैरावैरा पळायला लागली, डोपामीनच्या पेशीही कमी आणि जागा सोडून. मेथिलफेनिडेट किंवा एडीएचडीचंच दुसरं औषध अ‍ॅटोमॉक्सेटीन दिल्यावर पळापळ उतरली.

असल्या टेस्टमध्ये ९६ खळग्यांची प्लेट असते, खळग्यात एकेक पिल्लू, जेमतेम ४ मिमी, पाण्यात औषध आणि वरून कॅमेरा, लाइट घालवला की ती धावायला लागतात, किती अंतर कापलं ते कॉम्प्युटर मोजतो. मग आरएनए, म्हणजे जीन चालू असताना निघणारी त्याची नक्कल, काढून कुठलं जीन वाढलं, कुठलं घटलं ते बघायचं, एका पिल्लातून इतकं थोडं मिळतं की बऱ्याचदा अनेक एकत्र करावी लागतात.

मला इथेच जरा थांबावंसं वाटतं. वागणं काही मिनिटांत बदलतं, जीन्सचे बरेच बदल तासांनी दिसतात, म्हणजे ते कारण आहेत की मेंदूने औषधाशी जमवून घेतलंय, एका मोजणीवरून ठरत नाही. त्यात माशाच्या मध्यमेंदूत आपल्यासारख्या डोपामीनच्या पेशीच नसतात, आणि डोपामीन मोडणारं एमएओ एन्झाइम आपल्याकडे दोन प्रकारचं, त्याच्याकडे एकच.