मराठी विद्यार्थी आणि नीतिविचार : शंभर-दोनशे वर्षांची पार्श्वभूमी

मराठी मुलांच्या हाती छापील पुस्तके पडू लागली तेव्हापासूनच नीतीच्या गोष्टींना शिक्षणात मानाचे स्थान होते. सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांची इसापनीती आणि बाळमित्र ही दोन्ही भाषांतरे १८२८ सालची आहेत. अशा गोष्टींत प्रसंग छोटा असतो, पात्रांचे चांगले-वाईट आधीच ठरलेले असते आणि शेवटी तात्पर्य तयार मिळते. मुलाने ते लक्षात ठेवायचे, शक्य तर वागण्यात आणायचे. त्यावर वाद घालणे मात्र अपेक्षित नसते. शालेय नीतिशिक्षणावर या पद्धतीचा ठसा पुढे दीर्घकाळ राहिला.

'असे का वागावे?' या प्रश्नाची सवय मराठी वाचकाला लागली ती शाळेबाहेर. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' हे साप्ताहिक सुरू केले आणि बालविवाह, केशवपन येथपासून ते बायकांनी जाकिटे घालावीत की नाहीत येथपर्यंत घरातले, रोजचे विषय तर्काच्या कसोटीवर घासून पाहिले. रूढी जुनी आहे किंवा शास्त्रात सांगितली आहे एवढ्यावर ती योग्य ठरत नाही, तिच्या समर्थनार्थ कारण द्यावे लागते, हा त्यांचा आग्रह होता. मिल व स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञांच्या विचारांचा प्रभाव असलेले आगरकर पेशाने शिक्षक होते आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, हे येथे विसरून चालणार नाही.

त्यांचे एकेकाळचे सहकारी आणि नंतरचे प्रतिपक्षी लोकमान्य टिळक यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला 'गीतारहस्य' हा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्मयोगाचे प्रतिपादन म्हणून तो सर्वांना परिचित आहे. पण 'कर्मजिज्ञासा' हे त्याचे दुसरे प्रकरण नीतिशास्त्राच्या कोणत्याही नवख्या विद्यार्थ्यापुढे आजही ठेवावे असे आहे. अर्जुनाप्रमाणेच पेचात सापडलेले शेक्सपिअरचे हॅम्लेट आणि कोरिओलेनस तेथे भेटतात. दरोडेखोरांना भिऊन पळालेला माणूस आपल्यादेखत झाडीत लपला आणि मागून आलेल्या दरोडेखोरांनी तो कोठे गेला असे विचारले, तर खरे सांगावे काय, असा प्रश्न टिळक उपस्थित करतात; दुष्काळात प्राण वाचवण्यासाठी कुत्र्याचे मांस चोरायला निघालेल्या विश्वामित्राची कथाही ते याच ओघात घेतात. सत्य, अहिंसा, अस्तेय (चोरी न करणे) ही तत्त्वे सर्वमान्य असूनही परस्परांशी झगडतात तेव्हा निर्णय कशाच्या आधारे करायचा, हा खरा मुद्दा आहे. टिळकांचे अंतिम उत्तर पटो वा न पटो, प्रश्न मांडण्याची ही रीत तात्पर्यवजा गोष्टींच्या फार पुढची होती.

पुढल्याच वर्षी, १९१६ मध्ये, दोन वेगळ्या संस्था उभ्या राहिल्या. अमळनेर येथे श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था सुरू झाली, तर महर्षी कर्वे यांनी मातृभाषेतून शिकवणारे महिला विद्यापीठ स्थापन केले. त्या विद्यापीठात अध्यापन केलेले वामन मल्हार जोशी यांचे 'नीतिशास्त्रप्रवेश' हे पुस्तक १९१९ मध्ये आले. जोशी कादंबरीकारही होते आणि त्यांची पात्रे चर्चा फार करतात अशी तक्रार झाली. ती अगदी निराधार नाही, पण दोन सुजाण माणसे मतभेद राखून सभ्यपणे कशी बोलू शकतात हे त्या चर्चांतूनच वाचकांना दिसले. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी आलेले साने गुरुजी १९२४ मध्ये त्याच गावी शिक्षक झाले, आणि वसतिगृहातील मुलांसाठी त्यांनी हस्तलिखित दैनिक चालवले.

स्वातंत्र्यानंतर विद्वत्तेचे काम वाढले. वाईच्या प्राज्ञपाठशाळेशी निगडित 'नवभारत' मासिकातून तत्त्वचिंतनपर लेखन होत राहिले आणि १९७४ मध्ये दे. द. वाडेकर यांच्या संपादनाखाली मराठी तत्त्वज्ञान महाकोश सिद्ध झाला. मात्र हे सारे मुख्यतः महाविद्यालयांपुरतेच राहिले, शाळेपर्यंत पोचले नाही. पूर्णतः सरकारी निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षण देण्यास राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदाने मनाई असल्याने नीतिशिक्षणाला धर्मनिरपेक्ष अधिष्ठान शोधावे लागले. शिक्षणविषयक कोठारी आयोगानेही (१९६४-६६) या प्रश्नाचा विचार केला. महाराष्ट्रातील शाळांत त्यातून पुढे मूल्यशिक्षण आले आणि श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन अशी मूल्यांची यादी परिपाठात शिरली. नीटनेटकेपणा आणि समानता एकाच रांगेत बसवणारी ही यादी, माझ्या मते, बापू छत्र्यांच्या काळातील तात्पर्याचीच सुधारित आवृत्ती होती.

रोजच्या पेचप्रसंगांवर युक्तिवाद लिहिण्याची सक्ती अनेक मराठी तरुणांवर प्रथम आली ती स्पर्धा परीक्षेमुळे. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ पासून मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राची २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आणली आणि तिच्यात प्रसंगाधारित प्रश्न ठेवले. त्यांची नमुना उत्तरे देणारी मार्गदर्शके अर्थातच लगोलग बाजारात आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नैतिक निर्णय घेण्याची तर्कशुद्ध चौकट मुलांना लहान वयातच द्यावी आणि मोठ्या वर्गांत फसवणूक, हिंसा, वाङ्मयचौर्य, कचरा टाकणे यांसारख्या विषयांवर ती लागू करून पाहावी, असे सुचवले आहे.