फेज-लॉक लूपचा फिल्टर पुन्हा साधा कसा झाला

ऐंशीच्या दशकात कॉलेजच्या सुट्ट्या लागल्या की मी इंदूरच्या जेल रोडवर एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसायचो. एकदा दुकानाच्या काकांनी ब्लॅक अँड व्हाइट सेटचा होरिझॉन्टल भाग उघडून दाखवला. दोन डायोड, ग्राउंडला जाणारा एक छोटा कपॅसिटर, आणि त्याच्या शेजारी एक रेझिस्टर व मोठा कपॅसिटर एकापुढे एक जोडलेले. "हा रेझिस्टर शॉर्ट करून बघ," ते म्हणाले. केला, तर पडद्यावरच्या सरळ उभ्या रेषा करवतीच्या दात्यांसारख्या हलायला लागल्या. काका त्याला 'हंटिंग' म्हणत. पुढे नोकरीत सिंथेसायझर (हवी ती फ्रीक्वेन्सी बनवणारं सर्किट) करायची वेळ आली, तेव्हा चार्ज पंपाच्या, म्हणजे करंटचे पल्स देणाऱ्या भागाच्या, पायाशी नेमके हेच तीन पार्ट भेटले: दोन कपॅसिटर आणि एक रेझिस्टर.

दोन्हीकडे होता फेज-लॉक लूप: ऑसिलेटरची फेज, म्हणजे लहरीची वेळ, फेज डिटेक्टर येणाऱ्या सिग्नलशी ताडून पाहतो, त्यातली चूक फिल्टर गाळून घेतो आणि त्या व्होल्टेजने व्हीसीओ, म्हणजे व्होल्टेजवर फ्रीक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर, जागेवर येतो. मूळ कल्पना आणखी जुनी. 1932 मध्ये फ्रान्सच्या आंरी द बेलसिझ यांनी रेडिओ रिसीव्हरमधला ऑसिलेटर येणाऱ्या लहरीशी फेजमध्ये बांधून ठेवण्याची रीत मांडली. व्हॉल्व्हच्या जमान्यात ती महागात पडायची. घरोघरी ती पोचली टीव्हीमुळे, कारण सिग्नलमध्ये खरखर असली तरी प्रत्येक ओळ वेळेवर सुरू व्हायला हवी होती.

मग मधल्या काळात पॅसिव्ह, म्हणजे नुसत्या रेझिस्टर-कपॅसिटरचा, फिल्टर मागे का पडला? माझ्या मते कारण फिल्टरमध्ये नव्हतंच, त्याच्या आधीच्या पायरीत होतं. तेव्हाचे फेज डिटेक्टर व्होल्टेज देत. एक्सॉर गेट (दोन इनपुट वेगळे असतील तेव्हाच हाय होणारं) घ्या: दोन सिग्नलांमध्ये 90 अंशांचं अंतर असेल तर सरासरी निम्म्या सप्लायवर येते. व्हीसीओला मध्यापासून दूरची फ्रीक्वेन्सी द्यायची तर हे अंतर कायमचं सरकलेलं राहतं, कारण साधा आरसी फिल्टर स्वतःहून काहीच साठवून धरत नाही. ती फेजची चूक शून्यावर आणायला इंटिग्रेटर (चूक साठवत जाणारा भाग) लागतो, म्हणून ऑप-अँप, म्हणजे अँप्लिफायरची चिप, आला. त्याच्याबरोबर त्याचा नॉइज, त्याचा ऑफसेट आणि बऱ्याचदा वेगळा सप्लायही आला. आमच्या पिढीला 'चांगला फिल्टर म्हणजे अ‍ॅक्टिव्ह' असं शिकवलं गेलं, आणि त्या डिटेक्टरांपुरतं ते बरोबरच होतं.

सत्तरच्या दशकात आरसीए कंपनीची 4046 ही फेज-लॉक लूपची चिप आली. तिच्या 2 नंबरच्या पिनवर एक्सॉर, तर 13 नंबरवर दुसरा, कडा मोजणारा डिटेक्टर. याचं आउटपुट काम नसेल तेव्हा चक्क सुटं होतं आणि कपॅसिटरवरचं व्होल्टेज तसंच टिकतं. पुढची पायरी चार्ज पंपाची: चूक जितका वेळ, तितका वेळ ठरावीक करंट. करंट कपॅसिटरमध्ये गेला की कपॅसिटरच इंटिग्रेटर होतो, ऑप-अँपची गरजच उरत नाही. फ्लॉइड गार्डनर यांनी 1980 मध्ये या लूपचं गणित नीट मांडलं.

त्या गणितात काकांचा रेझिस्टर सापडतो. व्हीसीओ फेजचा इंटिग्रेटर, कपॅसिटर दुसरा. दोन इंटिग्रेटर एकापाठोपाठ आले की लूप झुलतच राहतो. रेझिस्टर त्याला आवर घालतो, पण करंटच्या प्रत्येक पल्सबरोबर त्याच्यावर व्होल्टेजची उडी पडते. ती उडी गिळायला छोटा कपॅसिटर. शिवाय लूप पल्सांवर चालत असल्याने बँडविड्थ (लूप किती झपाट्याने चूक सुधारतो ते) डिटेक्टरच्या तुलनेच्या फ्रीक्वेन्सीच्या दहाव्या भागाखाली ठेवलेली बरी. जीएसएम मोबाइलच्या 200 किलोहर्ट्झला म्हणजे 20 किलोहर्ट्झच्या आत. नव्वदच्या दशकात मोबाइलमुळे चार्ज पंपाच्या चिप स्वस्त झाल्या आणि पॅसिव्ह फिल्टर हाच नेहमीचा रस्ता बनला.

अ‍ॅक्टिव्हची जागा मात्र गेलेली नाही. चार्ज पंप आपल्या सप्लायच्या वर जाऊ शकत नाही. व्हॅरॅक्टरला (व्हीसीओची फ्रीक्वेन्सी सरकवणाऱ्या डायोडला) 28 व्होल्ट हवे आणि चिप 5 व्होल्टची, तर ऑप-अँप लावावाच लागतो. म्हणून निवडीआधी दोनच प्रश्न विचारावेत: डिटेक्टर करंट देतो की व्होल्टेज, आणि व्हीसीओला किती व्होल्ट लागतात.

सिंथेसायझरचा लूप संदर्भाची फ्रीक्वेन्सी पटीने वाढवतो, त्या गुणाकाराचा हिशेबही विसरू नये. आमच्या शहरातल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-1 या इलेक्ट्रॉन फिरवणाऱ्या यंत्राची रेडिओ फ्रीक्वेन्सी 31.6 मेगाहर्ट्झ, तर इंडस-2 ची 505.8, म्हणजे सोळा पट. लूपने सोळा पट गुणायचं तर बँडविड्थच्या आतला संदर्भाचा फेज नॉइज (फेजची थरथर) 24 डेसिबलने चढतो. बँडविड्थ किती ठेवायची ते तिथे ठरतं.

गेल्या महिन्यात रामबागेतला शेजारचा मुलगा आपला बोर्ड घेऊन आला. लूप लॉक होत होता, पण रिसीव्हरवर ऐकताना टेबलाला धक्का लागला तरी 'टक' ऐकू यायचं. मी पेन्सिलीच्या टोकाने मोठ्या कपॅसिटरवर टिचकी मारली: टक. तो एक्स-सेव्हन-आर सिरॅमिक होता, दाब पडला की व्होल्टेज तयार करणारा. व्हीसीओ व्होल्टला 20 मेगाहर्ट्झ सरकणारा, म्हणजे एक मायक्रोव्होल्टसुद्धा 20 हर्ट्झ. त्याने तो काढून फिल्म कपॅसिटर लावला. पुन्हा टिचकी मारली, तर आवाज नाही.