पुढच्या कॉलच्या आधीचा अर्धा तास

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, आपल्या निदानपुस्तिकेत पहिल्यांदा नोंदवला. तेव्हा एक अट होती: घटना माणसाच्या नेहमीच्या अनुभवापलीकडची हवी. व्हिएतनामहून परतलेले सैनिक डोळ्यांसमोर असल्यामुळे ती फारशी खटकली नसावी. पण अ‍ॅम्ब्युलन्सवर ड्युटी करणाऱ्याचं काय? हायवेवर चेपलेली गाडी, विहिरीतून काढलेला मुलगा, भाजलेली बाई हे त्याच्या लेखी अनुभवापलीकडचं नाही, ती त्याची रोजची पाळी. पुढे ती अट गेली. २०१३च्या आवृत्तीत तर स्पष्टच लिहिलं गेलं की कामाचा भाग म्हणून असं वारंवार सामोरं आलं तरी तोही आघातच.

जगभरच्या अ‍ॅम्ब्युलन्स कर्मचाऱ्यांवरचे अभ्यास एकत्र करून २०१८ साली काढलेलं प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सर्वसाधारण लोकांत आयुष्यात कधी ना कधी पीटीएसडी झालेले ३.९ टक्के. हे दोन आकडे एकाच मापाने मोजलेले नाहीत, त्यामुळे ‘जवळजवळ तिप्पट’ म्हणून मोकळं होऊ नये. पण फरक मोठा आहे, हे नक्की.

या आजारात नेमकं काय परत येतं, हे फार विचार करण्यासारखं आहे. आपल्याला वाटतं, सगळ्यात भीषण दृश्यच डोळ्यांसमोर नाचत असेल. अँके एलर्स या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या आठवणी तपासल्या, तेव्हा बरेचदा उलटं दिसलं. परत येतं ते त्या वाईट क्षणाच्या जरा आधीचं: अपघातात सापडलेल्याला समोरून येणारे हेडलाइट. एलर्स यांच्या मते मेंदूने ते धोक्याची सूचना म्हणून साठवलेलं असतं. हाच हिशेब अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याला लावला, तर त्याला छळणारी गोष्ट रक्ताचं थारोळं असेलच असं नाही. तिसऱ्या मजल्यावरचं अर्धवट उघडं दार आणि आतून येणारा फोडणीचा वास असू शकेल. मग घरी बायकोने कढईत मोहरी टाकली की याचे हात थरथरतात, आणि का ते त्यालाही सांगता येत नाही. त्या आठवणीवर ‘हे होऊन गेलं’ असा शिक्काच बसलेला नसतो. उपचारात बरेचसे कष्ट तो शिक्का बसवण्यासाठीच घेतले जातात: तेव्हाचा वास आणि आत्ताचा वास यांत काय वेगळं आहे, हे थेरपिस्ट शांतपणे पुन्हा पुन्हा बघायला लावतो. हे उपचार चांगले लागू पडतात. पण तिथवर पोचायला आधी कुणीतरी ‘तुला सवय व्हायला हवी होती’ म्हणणं थांबवावं लागतं.

त्याच गाडीवर, तोच कॉल केलेल्या दोघांपैकी एकच जण का आजारी पडतो? ऑक्सफर्डच्या जेनिफर वाइल्ड आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये नव्याने भरती झालेल्या ३८६ पॅरामेडिकांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. २०१६ साली निष्कर्ष आले: ८.३ टक्क्यांना पीटीएसडी झाला, १०.६ टक्क्यांना नैराश्य, आणि बहुतेकांचं ते पुढच्या तपासणीपर्यंत ओसरलेलंही होतं. पीटीएसडी कुणाला होईल याचा माग लागला तो सुरुवातीलाच नोंदवलेल्या एका सवयीत: जुन्या त्रासदायक आठवणी उगाळत बसणं. ‘मीच दोन मिनिटं आधी पोचायला हवं होतं’, ‘माझ्याच वाट्याला का’ या जातीचं. मला यात दिलासा वाटतो. सवय ही स्वभावाइतकी चिवट नसते, तिच्यावर काम करता येतं.

मग ‘बोल, मोकळा हो’ हा आपला हुकमी सल्ला? तो तपासून झाला आहे, आणि निकाल जरा अवघड आहे. अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी १९८३ साली आपत्कालीन कर्मचाऱ्यांसाठी एक पद्धत मांडली: घटनेनंतर लगेच सगळ्यांना बसवायचं आणि काय पाहिलं, काय वाटलं ते बोलतं करायचं. ही कल्पना जगभर पसरली. पण भाजलेल्या रुग्णांवर अशाच एका बैठकीचा प्रयोग करून १९९७ साली निकाल प्रसिद्ध झाला, तेव्हा तेरा महिन्यांनंतर बैठक झालेल्यांत २६ टक्के पीटीएसडी निघाला आणि न झालेल्यांत ९ टक्के. बैठक झालेल्यांच्या जखमा मुळात जास्त होत्या, हेही खरं. पण नंतर असे प्रयोग एकत्र तपासले तेव्हाही एकदाच घेतलेल्या सक्तीच्या बैठकीचा उपयोग दिसला नाही. मिचेल यांच्या बाजूचे म्हणतात, आमची पद्धत कर्मचाऱ्यांच्या गटासाठी होती, तुम्ही ती एकेकट्या रुग्णावर वापरलीत. मुद्दा रास्त आहे. तरीही ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनी अशी बैठक घेऊ नका असंच सांगितलं. सहकाऱ्याशी चहा पिताना आपणहून बोलणं वेगळं, त्याला कुणाचीच हरकत नाही.

सर्वांत साधी गोष्ट सापडली ती टोरांटोत. तिथल्या संशोधकांनी २०१४ साली अ‍ॅम्ब्युलन्स कर्मचाऱ्यांना विचारलं, वाईट कॉलनंतर तुम्हाला थोडा वेळ ड्युटीतून बाजूला ठेवलं होतं का? ज्यांना ठेवलं होतं, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं कमी होती. अर्ध्या तासापासून ते पाळी संपेपर्यंतचा वेळ सगळ्यात उपयोगी, एका दिवसाहून लांबलेली सुट्टी तितकी नाही. पीटीएसडीच्या लक्षणांवर मात्र फरक दिसला नाही, म्हणून हा रामबाण उपाय मुळीच नव्हे.

महाराष्ट्रात १०८ची सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. कॉल संपल्यावर स्ट्रेचर पुसायचं, ऑक्सिजन बघायचा, संपलेलं सामान भरायचं, कागद पूर्ण करायचा आणि गाडी पुन्हा मोकळी असल्याचं कळवायचं, हे काम जगात कुठेही असंच चालतं. बाळ दगावलेल्या कॉलनंतर ‘मोकळी’ हा निरोप अर्ध्या तासाने गेला तर चालेल, एवढी सूट नियमात बसवायला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही. त्या भागात तेवढा वेळ दुसरी गाडी लागते, आणि तिचा खर्च कुठल्या खात्यात घालायचा ते ठरवावं लागतं.