पार्श्वभूमी : आरोग्याच्या व्याख्येबाहेर राहिलेला चौथा शब्द

‘शारीरिक, मानसिक आणि सामाजिक’ ही त्रयी शाळेपासून पाठ असते. १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये ६१ देशांनी सह्या केलेल्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेतली आरोग्याची ही व्याख्या ७ एप्रिल १९४८ पासून लागू झाली आणि आजही अक्षरशः तीच आहे. तिच्यात ‘आध्यात्मिक’ हा शब्द घालण्याचा प्रयत्न एकदा अगदी शेवटच्या पायरीपर्यंत पोचला होता.

त्याआधी १९८४ च्या जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, एक ठराव केला होता. आरोग्याला आध्यात्मिक अंग असते आणि ते कल्पना, श्रद्धा, मूल्ये व नीती यांच्या प्रांतातले असते, असा त्याचा आशय. देशांनी आपापल्या रीतीभातींप्रमाणे त्याचा विचार करावा, एवढे सांगून विषय थांबला. व्याख्येला कुणी हात लावला नाही.

खरी गाठ पडली जानेवारी १९९८ मध्ये. पूर्व भूमध्य विभागातल्या देशांकडून आलेली सूचना कार्यकारी मंडळाने उचलून धरली. तिच्यात दोन शब्द नवे होते : ‘आध्यात्मिक’ आणि ‘गतिमान’. म्हणजे आरोग्य ही एकदा मिळवून ठेवायची वस्तू नसून सतत बदलणारी अवस्था आहे. चर्चा पहिल्याच शब्दाभोवती फिरत राहिली आणि दुसऱ्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. माझ्या मते तोच जास्त मोलाचा होता. मे १९९९ च्या सभेत मतदान झालेच नाही. चालू व्याख्या नीट काम देते आहे, घाई नाही, आढावा घेत राहावे, असे ठरले. नकार न देता नाही म्हणण्याची ही सरकारी तऱ्हा आपल्याला नवीन नाही.

अडचण शब्दाचीही होती. इंग्रजी ‘स्पिरिच्युअल’च्या मूळ लॅटिन शब्दात श्वास आहे, अरबीत त्या जागी ‘रूह’ येतो, आणि आपण सरसकट ‘आध्यात्मिक’ लिहितो. गीतेच्या आठव्या अध्यायात अध्यात्म म्हणजे ‘स्वभाव’, पण आज मराठीत तो शब्द उच्चारला की बैठक, प्रवचन आणि ‘निवृत्तीनंतर बघू’ हेच डोळ्यांपुढे येते. नास्तिक माणूस तिथेच कान मिटतो. खरे तर शब्द घरातच होता. आयुर्वेदाच्या जुन्या संहितेत आत्मा, इंद्रिये आणि मन प्रसन्न असलेल्याला ‘स्वस्थ’ म्हटले आहे. हिंदीत ‘स्वस्थ’ म्हणजे नुसता निरोगी, मराठीत मात्र ‘स्वस्थ बस’ म्हणताना आपण प्रकृतीबद्दल बोलत नसतो. ‘समाधान’ हाही तसाच. सरकारी अनुवादांनी दोन्ही सोडून जड शब्द उचलला, ही चूकच.

व्याख्येत न शिरलेला शब्द रुग्णशय्येपाशी मात्र केव्हाच पोचला होता. लंडनच्या हॉस्पिसमधून, म्हणजे मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषागृहातून, १९६० च्या दशकात ‘समग्र वेदना’ ही कल्पना पुढे आली : दुखणे शरीराचे, मनाचे, घरच्यांचे, आणि ‘माझ्याच वाट्याला हे का’ या प्रश्नाचेही. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली देशातले पहिले हॉस्पिस सुरू झाले. १९९० च्या दशकात अमेरिकेत डॉक्टरांसाठी चारच प्रश्नांची पद्धत आली : श्रद्धा कशावर, ती किती महत्त्वाची, सोबतीला कोण, आणि उपचारात तिची दखल कशी घ्यावी. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणारी शुश्रूषा; तिच्या संघटनेने केलेल्या व्याख्येत तर ‘आध्यात्मिक’ हा शब्द १९९० मध्येच बिनबोभाट आला होता.

मोजमापाची गोष्ट आणखी गमतीची. जगण्याचा दर्जा मोजण्याच्या शंभर प्रश्नांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रश्नावलीत अध्यात्माला स्वतंत्र, सहावा विभाग होता. तिच्यावरून २६ प्रश्नांची छोटी आवृत्ती केली तेव्हा विभाग चारच उरले. दवाखान्यांत आणि प्रबंधांत तीच जास्त वापरली जाते. तिच्यात ‘तुम्हाला आपलं आयुष्य कितपत अर्थपूर्ण वाटतं?’ एवढा एक प्रश्न शिल्लक आहे, तोही मानसिक विभागात.