कॅटवुमनला बॅटमॅनची ओढ सिनेमावाल्यांनी लावली?

परवा रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना भाचा म्हणाला, "मावशी, कॅटवुमन मुळात नुसती खलनायिका होती. हे प्रेमबीम सिनेमावाल्यांनी घुसडलं." इंदूरमध्ये शाळेत असल्यापासून मी हे ऐकतेय, आणि ते साफ चुकीचं आहे.

'बॅटमॅन' या कॉमिकचा पहिला अंक १९४० साली निघाला. लेखक बिल फिंगर आणि चित्रकार बॉब केन यांची ही चोरटी त्यातच भेटते. नाव फक्त 'द कॅट'. ना मुखवटा, ना मांजरीचे कान. एका यॉटवर म्हातारीच्या वेषात ती महागडा हार चोरते आणि घोट्यावरच्या पट्टीखाली दडवते. बॅटमॅन तिला पकडतो, चेहऱ्यावरचा रंग पुसतो. पुढे ती पाण्यात उडी घेते. बॅटमॅनचा साथीदार रॉबिन मागे झेपावणार, तर बॅटमॅन नेमका त्यालाच धडकतो! मुद्दाम धडकलात, असं रॉबिन तोंडावर म्हणतो. आणि बॅटमॅन? आपली एक मैत्रीण आहे हे आठवूनही तो तिच्या डोळ्यांचंच कौतुक करत राहतो. मला ती चौकट फार आवडते; सगळं नातं तिथेच ठरलंय.

सेलिना काइल हे तिचं खरं नाव आलं १९५० मध्ये, त्याच कथेत ती चोरी सोडते. नंतर पुन्हा चोरीकडे वळते, तो भाग वेगळा. १९५४ मध्ये कॉमिक्ससाठी कडक आचारसंहिता आली आणि कॅटवुमन १९६६ पर्यंत पानांवरून गायबच झाली.

मांजरींनी तिला जिवंत केलं, हे मात्र खरंच सिनेमातलं, १९९२ च्या. मूळची सेलिना चपळाई आणि डोक्यावरच चोऱ्या करते.