तुलूजमधलं संरक्षित विटांचं घर: दुरुस्तीचा अर्ज नेमका कुठे अडतो

फ्रान्समधल्या तुलूज शहराच्या दालबाद भागात, गारोन नदीलगत, सोळाव्या शतकातली विटांची घरं आजही राहती आहेत. अशा घराची साधी खिडकी बदलायची तरी परवानगी लागते. अर्ज फेटाळले जातात ते मात्र त्याच त्या दोन-तीन कारणांनी.

आधी घराचा दर्जा बघा. विकणारा 'हेरिटेज आहे' एवढंच सांगतो, त्यावर भागत नाही. घर 'क्लासे', म्हणजे संरक्षणाच्या वरच्या दर्जाचं असेल तर अर्ज सांस्कृतिक खात्याच्या प्रादेशिक कार्यालयाकडे, म्हणजे द्राककडे जातो. 'एंस्क्री', म्हणजे त्याखालच्या दर्जाचं असेल तर नगरपालिकेत बांधकाम परवाना, म्हणजे 'पर्मी द काँस्त्रुइर' मागावा लागतो. किरकोळ देखभाल तेवढी सुटते. शेजारच्याने नुसती 'देक्लारासियाँ प्रेआलाब्ल', म्हणजे छोट्या कामांची पूर्वसूचना भरली म्हणून तुम्हीही तीच भरू नका. त्याचं घर स्मारकाच्या परिसरात असेल, तुमचं स्वतःच स्मारक आहे.

बहुतेकांकडे नसतो तो कागद म्हणजे संरक्षणाचा मूळ आदेश. कधी फक्त दर्शनी भिंत आणि छप्पर संरक्षित असतं, कधी आतला गोल जिनाही. सांस्कृतिक मंत्रालयाच्या मेरिमे नोंदीत हे बघता येतं. घर घेण्याआधीच बघितलेलं बरं.

मुदतीचा घोळ तर नेहमीचाच. एंस्क्री घराच्या परवान्याला पाच महिने लागतात, आणि ते मोजायचे फाइल पूर्ण झाल्यापासून. अर्ज दिल्यावर पहिल्या महिन्यात पालिका राहिलेले कागद मागू शकते. ते तीन महिन्यांत दिले नाहीत तर अर्ज आपोआप फेटाळला जातो. पाच महिने झाले तरी उत्तर आलं नाही, तर? इतर बऱ्याच अर्जांत गप्प बसणं म्हणजे होकार, इथे मात्र नकार. हे ठळक अक्षरात छापायला कुणाचं काय जातं, कळत नाही.

अर्जासोबतच्या टिपणात साहित्य आणि कामाची पद्धत, दोन्ही लिहावी लागतात. 'जुन्यासारखी वीट वापरू' हे उत्तर नव्हे. इथली 'फोरेन' वीट साधारण 42 सेंमी लांब, 28 रुंद आणि जेमतेम 5 जाड असते. नवी वीट त्या मापाची कुठून आणणार, जुन्या किती ठेवणार, सांधे हाताने उकरणार की मशीनने, हे सगळं लिहा. आणि सिमेंट नको, चुना. सिमेंटमुळे ओल आत कोंडते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. सरकारी वास्तुविशारदाला अर्जाआधीच एकदा भेटा, बरीच दगदग वाचते.

घरात फ्लॅट असतील तर दर्शनी भिंत सामाईक असते, म्हणून सहमालकांच्या सभेचा ठराव हवा. सभा बहुधा वर्षातून एकदाच होते, ती चुकवू नका. अनुदान हवं असेल तर तो अर्ज काम सुरू करण्यापूर्वीच करा.

परवाना मिळाला की रस्त्यावरून वाचता येईल असा फलक लावा. त्या दिवसापासून दोन महिने तिऱ्हाईताला हरकत घेता येते. तोवर परांची बांधायची घाई करू नका.