पदरमोड करून शिकवणारे : प्रौढ साक्षरतेतील स्वयंसेवकाची पार्श्वभूमी

'चष्मा घरी राहिला, एवढं जरा वाचून दाखवता का?' प्रौढ साक्षरतेचे काम केलेल्या कोणालाही हे वाक्य नवे नसते. प्रश्न डोळ्यांचा नाही हे मुरलेल्या कार्यकर्त्याच्या लगेच ध्यानात येते, पण तो तसे बोलून दाखवत नाही. अक्षर येत नाही ही गोष्ट वर्षानुवर्षे झाकत आलेला माणूस पहिल्यांदा वर्गाच्या दारात उभा राहतो, तेव्हा समोरच्याची पदवी तो विचारत नाही. ही व्यक्ती आपली झाकली मूठ उघडी पाडणार नाही ना, एवढेच तो पाहतो. स्वयंसेवकांना या कामात आणले गेले ते मात्र बहुतेक ठिकाणी निराळ्याच कारणाने : पगारी शिक्षक ठेवायला पैसा नव्हता. पैशाअभावी केलेल्या या सोयीत विश्वासाचे जे नाते तयार होत होते, तेच शिकण्याचे मुख्य साधन आहे, ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक पिढीच्या संयोजकांना काम सुरू झाल्यानंतर कळली आहे.

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे १७९८ साली विल्यम सिंगलटन आणि सॅम्युएल फॉक्स यांनी कारखान्यांत काम करणाऱ्या तरुण स्त्रियांसाठी प्रौढ शाळा काढली, ती या प्रकारच्या शाळांमध्ये अगदी सुरुवातीची मानली जाते. धर्मग्रंथ स्वतः वाचता यावा हा तिचा मुख्य हेतू होता. पुण्यात १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी शेतकरी व मजूर यांच्यासाठी रात्रशाळा चालवली, तेव्हा हेतू बदललेला होता. दिवसभर राबून आलेल्या माणसाला स्वतःच्या व्यवहाराचा कागद कळावा, ही तेथली निकड होती.

संघटित स्वयंसेवेची गोष्ट नीट उलगडते ती अमेरिकेतील केंटकी राज्याच्या रोवन परगण्यात. कोरा विल्सन स्ट्यूअर्ट तेथील शाळांच्या अधीक्षक होत्या. दूर शिकागोला राहणाऱ्या मुलीची पत्रे वाचून घ्यायला आणि उत्तरे लिहून घ्यायला एक वयस्क बाई त्यांच्या कचेरीत येत असे. मध्यंतरी ती बरेच दिवस आली नाही, आणि आली तेव्हा स्वतः लिहायला शिकून आली होती. या वयात एकटीने हे जमत असेल तर शिकवले असता किती जणांना जमेल, असा प्रश्न स्ट्यूअर्ट यांना पडला. दिवसा शाळा मुलांनी भरलेल्या असत आणि रात्रीचे रस्ते खडतर होते, म्हणून चांदण्या रात्री शाळा उघडायचे ठरले. ५ सप्टेंबर १९११ रोजी पहिल्या रात्री दीडशेच्या आसपास माणसे येतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात बाराशेहून अधिक आली. शिकवणारे होते ते दिवसाच्याच शाळांचे शिक्षक, आणि रात्रीच्या कामाचा मोबदला त्यांना मिळत नव्हता.

या शाळांतील दोन साधने मुद्दाम सांगण्यासारखी आहेत. मुलांचे बालबोध पुस्तक मोठ्या माणसापुढे ठेवणे हा त्याचा अपमान आहे, हे ओळखून स्ट्यूअर्ट यांनी परगण्यातील घडामोडींचे, छोट्या वाक्यांचे एक वर्तमानपत्रच छापून घेतले. दुसरे म्हणजे मऊ टीपकागदावर खोलगट कोरलेली अक्षरे. नांगर आणि कुऱ्हाड धरून राठ झालेला हात पेन्सिल घेऊन त्या खाचेतून फिरे आणि पहिल्याच काही रात्रींत माणूस स्वतःचे नाव लिही. पुढे तयार झालेल्या कितीतरी प्रवेशिकांनी, म्हणजे वाचन शिकवणाऱ्या पहिल्या पुस्तकांनी, या दोन्ही गोष्टी विसरून पुन्हा 'अ'पासून घोकंपट्टी सुरू केली, हे दुर्दैव.

'एकाने एकाला शिकवावे' हे घोषवाक्य जगभर पोचवले ते फ्रँक लाउबाख या अमेरिकन मिशनऱ्याने. फिलिपाइन्समधील लानाओ भागात मारानाव लोकांसाठी त्यांनी १९३० च्या सुमारास साक्षरतेचे काम उभारले होते. जागतिक मंदीमुळे बाहेरून येणारा पैसा आटला आणि शिकवणाऱ्यांना पगार देणे अशक्य झाले, तेव्हा जो शिकेल त्याने दुसऱ्याला शिकवलेच पाहिजे, असा आग्रह एका स्थानिक प्रमुखाने धरला. म्हणजे हे सूत्र जन्मले ते नाइलाजातून. लाउबाख यांच्या पद्धतीत अक्षर आणि वस्तूचे चित्र एकमेकांत गुंफलेले असे, त्यामुळे अल्पशा तयारीवर कोणालाही शिकवता येई. त्यातच तिची मर्यादाही होती : काल शिकलेला माणूस आज दुसऱ्याला अक्षरओळख करून देऊ शकतो, परंतु त्यापुढचे वाचन, म्हणजे अर्ज, करार, औषधाची चिठ्ठी यांतून अर्थ काढणे, ते तो कोठून देणार?

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातील जॉन्स बेटावर १९५७ च्या जानेवारीत सुरू झालेल्या नागरिकत्व शाळेने याचे एक उत्तर दिले. कृष्णवर्णीयांना मतदार म्हणून नोंदणी करायची तर वाचनाची परीक्षा द्यावी लागे, आणि ती परीक्षा त्यांना दूर ठेवण्यासाठीच वापरली जाई. सेप्टिमा क्लार्क आणि एसाऊ जेन्किन्स या नागरी हक्कांच्या चळवळीतील कार्यकर्त्यांनी पहिली शिक्षिका म्हणून बर्नीस रॉबिन्सन यांना निवडले. त्या व्यवसायाने केशरचनाकार होत्या, आपण शिक्षिका नाही असे त्यांनी स्वतःच सांगितले, आणि निवडीमागचे कारणही नेमके तेच होते : शिकणाऱ्यांकडे वरून पाहण्याची सवय त्यांना नव्हती. एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत भरणाऱ्या त्या वर्गात मनीऑर्डर कशी भरायची, टपालाने वस्तू मागवायचा अर्ज कसा लिहायचा, असे शिकणाऱ्यांनी मागितलेले विषय आधी घेतले गेले. ही पद्धत पुढे दक्षिणेतील अनेक राज्यांत पसरली.

याच काळात दुसरीकडे मोहिमांचे पर्व सुरू झाले होते. क्युबात १९६१ मध्ये सुमारे एक लाख तरुण, त्यांतील कित्येक शाळकरी वयाचे, खेड्यांत जाऊन शिकणाऱ्यांच्याच घरी राहिले, दिवसा त्यांच्याबरोबर शेतात राबले आणि रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांना शिकवत राहिले. वर्षअखेर सात लाखांवर माणसे साक्षर झाल्याचे जाहीर झाले. त्या मोहिमेचे राजकारण कोणाला पटो वा न पटो, शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या घरचे पाणी भरावे ही तिच्यातली गोष्ट साक्षरतेच्या इतिहासात ठळकच राहील.

सातारा जिल्ह्यात १९५९ साली सुरू होऊन पुढे महाराष्ट्रभर गेलेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत गावचे शिक्षक आणि शिकलेली माणसे विनामोबदला शिकवत, ग्रामदैवतासमोर शपथ घेतली जाई आणि सारा गाव साक्षर झाला की ग्रामगौरव समारंभ होई. उत्साह दांडगा होता. पण समारंभानंतर वाचायला पुढ्यात काही नसल्याने नवसाक्षर पुन्हा निरक्षरतेकडे घसरले, आणि ही घसरण मोहिमेच्या अभ्यासकांनी नोंदवली आहे.

भारतात ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता मिशन स्थापन झाले आणि त्यानंतर केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्याने १९८९ मध्ये संपूर्ण साक्षरतेची मोहीम हाती घेतली. विज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्या केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे कार्यकर्ते, जिल्हा प्रशासन आणि सुमारे वीस हजार स्वयंसेवक तीत उतरले होते. कलाजथ्थे, म्हणजे फिरती कलापथके, आणि पथनाट्ये गावोगाव फिरली. शिकायला बसलेल्या अनेक वृद्धांना अक्षर खरोखरच दिसत नाही हे लक्षात आल्यावर नेत्रतपासणी शिबिरे घेऊन चष्मे गोळा करून वाटले गेले. चष्म्याची सबब इथे सबब नव्हती, आणि ते कळायला कोणीतरी शेजारी बसावे लागले. ४ फेब्रुवारी १९९० रोजी जिल्हा पूर्ण साक्षर घोषित झाला. पुढे आंध्र प्रदेशातील नेल्लोर जिल्ह्यात साक्षरता वर्गांतील चर्चेतून दुबगुंटा गावच्या स्त्रिया गुत्त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. प्रवेशिकेतला धडा अशा रीतीने रस्त्यावर येईल, असे तो लिहिणाऱ्यांनाही वाटले नसावे.

मोहिमांच्या गजरापासून दूर, संपन्न देशांत हे काम दबक्या आवाजात चालले. शाळा सक्तीची असूनही वाचता न येणारे लाखो प्रौढ आपल्यात आहेत, ही गोष्टच तेथे पचायला अवघड होती. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे रूथ कॉल्विन यांनी वर्तमानपत्रात आपल्या परगण्यातील अशा माणसांचा आकडा वाचला, तो अकरा हजारांहून अधिक होता, आणि १९६२ साली त्यांनी स्वयंसेवकांची संघटना उभारली. शिकवण्याआधी स्वयंसेवकाने प्रशिक्षण घेतलेच पाहिजे, हा तिचा आग्रह होता. लाउबाख यांच्या संस्थेशी तिचे २००२ मध्ये विलीनीकरण झाले. ब्रिटनमध्ये १९७५ च्या ऑक्टोबरपासून बीबीसीने निरक्षर प्रौढांसाठी दहा-दहा मिनिटांचे कार्यक्रम दाखवले आणि मदतीसाठी दूरध्वनी क्रमांक दिला. फोन करणाऱ्याची गाठ जवळच्या स्वयंसेवकाशी घालून दिली जाई आणि दोघे घरीच, एकास एक, बसत. गुप्ततेसाठी ही सोय उत्तम होती. मात्र चार भिंतींत बसलेल्या जोडीत शिकणारा माणूस स्वयंसेवकावरच अवलंबून राहतो, आपल्यासारखे आणखी कितीतरी जण आहेत हे त्याला कळत नाही आणि लाज तशीच आत राहते, असे अनुभवान्ती दिसले. तेव्हा लहान गटांकडे वळण्यात आले, आणि शिकणाऱ्यांनी स्वतः लिहिलेले एक नियतकालिकही निघू लागले.

'तुम्हाला का शिकायचे आहे?' या प्रश्नाला मोठी माणसे, विशेषतः स्त्रिया, वारंवार जे उत्तर देत होत्या, त्यातून कुटुंब साक्षरतेची कल्पना आकाराला आली : मुलाच्या वहीत काय लिहिले आहे ते कळावे. केंटकीनेच १९८६ मध्ये पालक आणि बालक यांना एका छताखाली शिकवण्याचा प्रयोग सुरू केला. मुलांचे वर्ग, पालकांचे वर्ग, पालकत्वाविषयी चर्चा आणि दोघांनी मिळून घालवायचा वेळ, असे त्याचे चार भाग पुढे रूढ झाले. संघीय सरकारनेही १९८८ मध्ये अशा कार्यक्रमासाठी कायदा केला, पण राष्ट्रीय मूल्यमापनांत त्यातील कुटुंबांची प्रगती कार्यक्रमाबाहेरच्या तुलनीय कुटुंबांपेक्षा अधिक आढळली नाही. बरीच कुटुंबे पुरेसा काळ टिकलीच नव्हती, आणि २०११ मध्ये निधी थांबला. शिर्ली ब्राइस हीथ यांच्यासारख्या अभ्यासकांनी एक मूलभूत आक्षेपही त्याआधीच पुढे आणला होता : गरीब घरात भाषेचे काही चालतच नाही, हे गृहीतकच चूक आहे. गोष्टी, प्रार्थना, हिशेब, याद्या तेथेही असतात. फक्त शाळेला त्या ओळखता येत नाहीत. तुर्कस्तानात इस्तंबूल येथे १९८२ पासून चाललेल्या माता-बालक प्रकल्पाने आईला गटात बसवून घरी मुलाबरोबर करायचे काम शिकवले आणि त्या मुलांचा मागोवा ती तरुण होईपर्यंत घेतला. ती अधिक वर्षे शिकली होती. त्याच मंडळींनी १९९३ मध्ये स्थापन केलेली संस्था प्रौढ स्त्रियांचे साक्षरता वर्गही प्रशिक्षित स्वयंसेविकांमार्फत चालवते.

भारताचा २०२२ ते २०२७ या काळातील साक्षरता कार्यक्रम पाच कोटी प्रौढांचे उद्दिष्ट धरून पुन्हा विनामोबदला स्वयंसेवकांवरच उभा आहे, आणि त्यात शाळकरी विद्यार्थ्यांनाही शिकवता येते. एखादी मुलगी आपल्याच आजीची स्वयंसेविका म्हणून नोंदवली जाते. आजी परीक्षेला बसते, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांचे पेपर सोडवते आणि प्रमाणपत्र घेऊन घरी येते. त्यानंतर तिच्या हाती वाचायला काय द्यायचे, याची सोय कार्यक्रमाच्या पाच घटकांपैकी 'निरंतर शिक्षण' या नावाच्या घटकात केलेली आहे.